हेल्मेट : निवडायचं कसं, बदलायचं कधी?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत नोकरी करणाऱ्या शिक्षकांचा दिवस बहुधा मोटारसायकलवर सुरू होतो. घर बारामतीत आणि शाळा सणसरला, भिगवणला किंवा वालचंदनगरला. घर इंदापुरात आणि शाळा एखाद्या वाडीवर. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की याच रस्त्यांवर उसानं भरलेल्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर येतात. मागे दिवा नसलेला ट्रेलर अंधारात अगदी जवळ गेल्यावरच दिसतो. रस्त्यावर पाचट पडलेलं असतं, शेतातून चाकांबरोबर आलेला चिखल असतो. पाटस-बारामती-इंदापूर हा पालखी मार्ग रुंद झाला, तसा वाहनांचा वेगही वाढला.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार अपघातांत मरण पावले. त्यांतले १४,३३७ जण मागे बसलेले होते. हेल्मेटचा उपयोग किती, याबद्दल जगभरातल्या ६१ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते, असं त्यात आढळलं.

तेव्हा हेल्मेट घालावं की नाही, हा प्रश्न आपण इथे घेणारच नाही. त्यापुढचे दोन प्रश्न घेऊ. दुकानात पन्नास प्रकारची हेल्मेटं टांगलेली असतात, त्यांतलं कोणतं घ्यायचं? आणि एकदा घेतलेलं हेल्मेट किती दिवस वापरायचं? दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधायला नववीच्या विज्ञानातले गतीचे नियम आणि कार्य व ऊर्जा एवढी शिदोरी पुरेशी आहे.

डोकं किती वेगानं आपटतं?

मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. समजा गाडी जागच्या जागी कलंडली आणि डोकं तेवढ्या उंचीवरून रस्त्यावर आपटलं. वेगाचा वर्ग = २ × गुरुत्व त्वरण × उंची, म्हणजे २ × ९.८ × १.५ = २९.४. वर्गमूळ काढलं, की वेग येतो सेकंदाला ५.४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १९.५ किलोमीटर. गाडीचा वेग शून्य असतानाही डोकं या वेगानं आपटू शकतं. “इथेच पेठेत जाऊन येतो, हळूच जातो,” असं म्हणणाऱ्याला हे गणित जरूर दाखवावं.

मोकळ्या सपाट रस्त्यावर पडलेला माणूस पुष्कळदा घसरत जातो आणि गाडीचा पुढचा वेग हळूहळू संपतो. पण समोर ट्रेलर असेल, बाभळीचं झाड असेल किंवा पुलाचा कठडा असेल, तर तो सगळा वेग एकदम हिशेबात येतो. ताशी ४० किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे ६.३ मीटर उंचीवरून, दोन मजल्यांवरून पडणं. ताशी ६० किलोमीटरला ही उंची १४.२ मीटर होते, म्हणजे जवळजवळ पाच मजले. विद्यार्थ्यांना हे आकडे स्वतः काढायला सांगावेत. एक गोष्ट त्यांच्या लगेच लक्षात येईल : वेग दीडपट झाला, तर उंची सव्वादोनपट होते.

थांबायला जागा हवी

आता मुख्य मुद्दा. इजा वेगामुळे होत नाही, वेग एकाएकी संपल्यामुळे होते. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो. कुंभार माठ गाडीत भरताना खाली पेंढा घालतो. दोन्हींत युक्ती एकच : थांबणाऱ्या वस्तूला थांबण्यासाठी थोडं जास्त अंतर द्यायचं.

हे अंतर किती कामाचं आहे, हे एका सोप्या सूत्रावरून कळतं. वस्तू उंचीवरून पडली आणि एकसारख्या बलानं थांबली असं धरलं, तर थांबतानाचं त्वरण हे गुरुत्व त्वरणाच्या किती पट, याचं उत्तर ‘पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर’ एवढंच येतं. दीड मीटरवरून पडलेलं उघडं डोकं डांबरी रस्त्यावर दोन मिलिमीटरमध्ये थांबलं असं समजू. १५०० भागिले २ म्हणजे ७५०. डोक्यावर गुरुत्व त्वरणाच्या ७५० पट त्वरण आलं. तेच डोकं २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर अंतरात थांबलं तर? १५०० भागिले २५ म्हणजे ६०. मृत्यू आणि डोकेदुखी यांच्यामध्ये एवढंसं अंतर असू शकतं.

खरा आघात इतका एकसारखा नसतो. मधल्या एखाद्या क्षणी त्वरण सरासरीच्या बरंच वर जातं. म्हणून हेल्मेटची चाचणी घेताना त्यात धातूचं डोकं बसवून ते ऐरणीवर आपटतात आणि त्या क्षणाचं सर्वांत जास्त त्वरण मोजतात. युरोपात अनेक वर्षं चालत आलेल्या चाचणीत डोकं सेकंदाला ७.५ मीटर वेगानं आपटलं जातं आणि त्वरण गुरुत्व त्वरणाच्या २७५ पटींपेक्षा जास्त चालत नाही. सेकंदाला ७.५ मीटर म्हणजे किती उंचीवरून पडणं, हेही वर्गात काढता येईल. उत्तर सुमारे २.९ मीटर येतं. हेल्मेटची परीक्षा केवढी असते, याचा यावरून अंदाज येतो. ताशी ८० किलोमीटर वेगानं झाडावर आदळल्यावर कोणतंही हेल्मेट हमी देऊ शकत नाही. हेल्मेट आणि वेगावरचा ताबा ही दोन्ही एकत्रच लागतात.

काम करतं ते थर्मोकोल

हेल्मेट म्हटलं की आपल्या नजरेसमोर येतं ते वरचं चकचकीत कवच. कवचाचं काम म्हणजे अणकुचीदार दगड आत घुसू न देणं, आघात मोठ्या भागावर पसरवणं आणि रस्त्यावर घासताना टिकणं. थांबायला जागा देण्याचं काम मात्र आतला थर्मोकोलचा थर करतो. त्याच्याही आत कापड आणि मऊ स्पंज असतो, तो फक्त डोक्याला टोचू नये म्हणून.

थर्मोकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. बारीक मण्यांमध्ये हवेच्या असंख्य बंद कुप्या असतात आणि थराचा बहुतेक भाग हवाच असते. जोरानं दाब आला की कुप्यांच्या पातळ भिंती वाकतात, चुरडतात. भिंती चुरडण्यात ऊर्जा खर्च होते. डोक्याचं वस्तुमान पाच किलो धरलं, तर दीड मीटरवरून पडताना त्याच्यापाशी ५ × ९.८ × १.५, म्हणजे सुमारे ७४ ज्यूल ऊर्जा असते. ती थर्मोकोल चुरडण्यात गेली, तर कवटी फुटण्यात जात नाही.

मग थर्मोकोलऐवजी जाड स्पंज का नको? दोन कारणं आहेत. स्पंज इतका मऊ असतो की डोकं त्याला क्षणात पूर्ण दाबून थेट कवचावर आपटतं. आणि जी थोडी ऊर्जा तो घेतो, ती पुन्हा उसळून परत देतो. रस्त्याच्या कडेला स्वस्तात मिळणाऱ्या काही हेल्मेटांत आत फक्त स्पंज असतो. दिसायला ते हेल्मेट असतं, कामाला ती प्लास्टिकची टोपी असते.

चुरडणाऱ्या थराची कल्पना तशी अलीकडची आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्या उपचारात ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यानंतर केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटचं महत्त्व सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. पुढे अमेरिकेत रॉथ आणि लोम्बार्ड या दोघांनी आतून चुरडणाऱ्या थराचं हेल्मेट तयार केलं. त्याचं पेटंट १९५३ साली मिळालं. आजचं प्रत्येक चांगलं हेल्मेट त्याच तत्त्वावर चालतं.

वर्गात करून पाहा

प्रयोग १. टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यातला जाड थर्मोकोलचा ठोकळा घ्या. तो जमिनीवर ठेवून दीड मीटर उंचीवरून त्यावर क्रिकेटचा कडक चेंडू सोडा. चेंडू किती उसळला, हे मागे पट्टी धरून पाहा. पडलेल्या खळग्याची खोली मोजा. आता चेंडू पुन्हा त्याच खळग्यात पडेल असा सोडा. खळगा या वेळीही तेवढ्यानंच वाढला का? त्याच जागी पाच-सहा वेळा चेंडू टाकून नोंदी करा. मग हाच प्रयोग स्पंजवर करा. कोणता पदार्थ पूर्ववत होतो आणि कोणता होत नाही? चांगला धक्काशोषक कोणता, हे मुलांनी आधी काय सांगितलं होतं आणि आता काय सांगतात, याचीही नोंद ठेवा.

प्रयोग २. तांब्यात काठोकाठ पाणी भरून त्यावर एक पान सोडा. तांब्या त्याच्या जागीच झटकन अर्धा वळसा फिरवा. तांब्या फिरतो, पण पान जवळजवळ तिथेच राहतं. कवटी आणि आतला मेंदू यांचंही असंच होतं. तिरका आघात झाला की कवटी झटक्यात फिरते, मेंदू जडत्वामुळे मागे राहतो आणि आतले नाजूक तंतू ताणले जातात. बाहेर ओरखडाही नसताना माणूस बेशुद्ध का पडतो, याचं हे एक कारण. युरोपीय नियमात २०२१ साली लागू झालेल्या सुधारणेत म्हणूनच तिरक्या आघाताची चाचणी घालण्यात आली.

प्रयोग ३ (हा शिक्षकांनीच, मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर करावा). थर्मोकोलच्या तुकड्यावर अ‍ॅसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरचे चार थेंब टाका. थर्मोकोल बघता बघता आक्रसून चिकट होतो. पेट्रोल आणि रंगाचा थिनरही त्याला असंच खातात. हेल्मेटवरचा डाग पेट्रोलच्या फडक्यानं पुसणं किंवा हेल्मेट घरी रंगवणं का टाळायचं, हे मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही.

निवडताना काय पाहावं?

पहिली गोष्ट शिक्का. मोटारसायकलच्या हेल्मेटचं भारतीय मानक आय.एस. ४१५१ हे आहे. १ जून २०२१ पासून आय.एस.आय. चिन्ह नसलेलं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे. नुसता स्टिकर पाहून थांबू नये. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइलवरच्या सोयीत हा क्रमांक घातला, की परवाना कोणाचा आहे ते दिसतं. नाव जुळलं नाही तर ते हेल्मेट ठेवून द्यावं.

दुसरी गोष्ट माप. भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून टेप डोक्याभोवती फिरवून घेर मोजा. घेर ५८ सेंटिमीटर असेल, तर ५८० मिलिमीटरचं हेल्मेट घालून पाहा. नवं हेल्मेट थोडं घट्टच हवं. गाल दाबले जावेत, पण कपाळावर एकाच ठिकाणी टोचू नये. हेल्मेट हातांनी डावी-उजवीकडे हलवा. डोक्याची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट नुसतंच फिरलं तर ते मोठं आहे. मग पट्टा लावा आणि मागची कड धरून हेल्मेट वर व पुढे ओढा. ते निघून हातात आलं, तर अपघातातही निघणार. ही परीक्षा दुकानातच घ्यावी. दुकानदार नाराज झाला तरी चालेल.

तिसरी गोष्ट प्रकार. जर्मनीत हॅनोव्हर इथे झालेल्या अपघातांच्या अभ्यासात हेल्मेटवरच्या आघातांपैकी सुमारे एक तृतीयांश हनुवटीच्या भागावर झालेले आढळले. अर्ध्या हेल्मेटला हा भागच नसतो. म्हणून पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घ्यावं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते गरम होतं, ही तक्रार खरी आहे. त्यासाठी हवा खेळण्याच्या खाचा असलेलं, फिक्या रंगाचं आणि आतलं अस्तर काढून धुता येईल असं हेल्मेट पाहावं. फिका रंग संध्याकाळी ट्रकचालकालाही लवकर दिसतो. काच पारदर्शकच घ्यावी. काळ्या काचेतून रात्री उसाचा ट्रेलर दिसायचा नाही.

चौथी गोष्ट पट्टा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचतं. हनुवटी आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं मावावीत, त्याहून जास्त नाही. अंबाडा, जाड स्कार्फ किंवा टोपी यांवर हेल्मेट नीट बसत नाही. केस खाली मानेवर बांधावेत, आणि स्कार्फ बांधायचाच असेल तर पातळ बांधून त्यासकट माप घ्यावं.

मागे बसणाऱ्यालाही हे सगळं लागू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीही डोक्याच्या मापाचं हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा हवा, आणि मूल बरोबर असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

बदलायचं कधी?

थर्मोकोल एकदा चुरडला की पूर्ववत होत नाही, हे पहिल्या प्रयोगात दिसलंच. त्यातून सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो : डोक्यावर असताना हेल्मेट एकदा जोरात आपटलं, की त्याचं काम झालं. बाहेरचं कवच पुष्कळदा लवचिक असतं. आत दबून ते पुन्हा जागेवर येतं आणि हेल्मेट नवं दिसतं. आतला थर मात्र त्या जागी चुरडलेला असतो. २५ मिलिमीटरमधले १५ मिलिमीटर वापरले गेले असतील, तर पुढच्या वेळी उरले फक्त १०. आपल्या सूत्रात १५०० भागिले १० करून पाहा. उत्तर ६० वरून १५० वर गेलं. “एवढ्या मोठ्या अपघातात हेल्मेटला काही झालं नाही, दणकट आहे,” असं आम्ही पुष्कळांकडून ऐकतो आणि तेच हेल्मेट वर्षानुवर्षं वापरात राहतं. कौतुकाची ही गोष्ट खरं तर बदलण्याचं कारण आहे.

रिकामं हेल्मेट हातातून पडलं तर? सव्वा किलोचं हेल्मेट एक मीटरवरून पडलं तर ऊर्जा सुमारे १२ ज्यूल असते, म्हणजे वरच्या ७४ ज्यूलच्या एक षष्ठांश. शिवाय आतून दाबणारं डोकंही नसतं. तेव्हा एकदा असं पडल्यानं घाबरायचं कारण नाही. अस्तर काढून थर्मोकोलला चीर गेली आहे का, कवचाला तडा आहे का, हे नीट तपासावं. शंका राहिली तर बदलावं. हेल्मेट आरशावर अडकवून ठेवण्याची सवय मात्र सोडावी. आरशाचं टोक आतल्या थरात रोज थोडं थोडं रुतत असतं.

अपघात झाला नाही तरी हेल्मेट म्हातारं होतं. घाम आणि केसांचं तेल यांनी आतला स्पंज बसतो आणि घट्ट असलेलं हेल्मेट सैल होतं. उन्हानं कवच ठिसूळ होतं. पट्टा विरतो, त्याचं कुलूप झिजतं. अमेरिकेतल्या स्नेल संस्थेसह अनेक उत्पादक पाच वर्षांनी हेल्मेट बदलायला सांगतात. पाच वर्षं आणि एक दिवस झाला की हेल्मेट निकामी होतं, असं नाही. सावलीत नीट ठेवलेला थर्मोकोल पुष्कळ वर्षं टिकतो. पण रोज पन्नास किलोमीटर आणि दिवसभर शाळेच्या आवारात उन्हात, असा ज्याचा वापर आहे, त्यानं पाच वर्षांची वाट न पाहता दर सहा महिन्यांनी ओढून पाहण्याची परीक्षा घ्यावी. नवं घेताना आत छापलेलं उत्पादनाचं वर्षही पाहावं.

शाळेसाठी एक उपक्रम

आठवी-नववीच्या मुलांचे गट करून शिक्षकांच्या आणि पालकांच्या हेल्मेटांची पाहणी करता येईल. प्रत्येक हेल्मेटसाठी आठ रकान्यांचा तक्ता करावा : शिक्का, परवाना क्रमांक, उत्पादनाचं वर्ष, आत थर्मोकोल आहे की नुसता स्पंज, पट्टा लागतो का, ओढल्यावर निघतं का, पूर्वी कधी आपटलं आहे का, मागे बसणाऱ्यासाठी वेगळं आहे का. आलेल्या आकड्यांचे आलेख पालक सभेत मुलांनीच मांडावेत. मुलीनं टेप घेऊन मोजलेलं आपल्या डोक्याचं माप वडील सहसा विसरत नाहीत.

या पाहणीत बाद ठरलेलं हेल्मेट धाकट्या भावाला देऊ नये, भंगारातही सबंध टाकू नये; ते पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर चढतं. करवतीनं त्याचे मधोमध दोन भाग करावेत. कवच, थर्मोकोल आणि अस्तर असे तीन थर स्वच्छ दिसतात. अर्धा भाग प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवावा. गतीचे नियम शिकवताना तो दरवर्षी उपयोगी पडेल.